विनॅट्स पास : आधी ढकलत, मग चालवत

मार्च, दुसरा रविवार

इंग्लंडात शेफिल्डला राहायला आल्यापासून शेजारच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातले बरेचसे चढ सायकलवर चाखून झाले होते. विनॅट्सच्या खिंडीचा चढ मात्र मुद्दाम मागे ठेवला होता. आज गेलो आणि अर्ध्यात उतरलो. उतरलो म्हणजे काय, सायकलच थांबली; क्लीट, म्हणजे बूट पायडलला अडकवणारा खटका, सुटेपर्यंत मी कडेच्या गवतावर आडवा. दोन मेंढ्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चरायला लागल्या.

पुण्यात असताना सिंहगड महिन्यातून दोनदा व्हायचा, त्यामुळे चढाची भीती नव्हती. पण सिंहगडाचा चढ नऊएक किलोमीटर चालतो, वळणं देतो, मध्ये श्वास घेऊ देतो. विनॅट्सचा खरा चढ जेमतेम किलोमीटरभराचा, आणि त्यातला बराच भाग 20 टक्क्यांच्या घरात, म्हणजे शंभर मीटरमागे वीस मीटर वर. इथल्या डोंगरांची उंची ऐकून आपल्याला हसू येतं. शेजारचा मॅम टॉर 517 मीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासून धरला तर पुणे शहराहूनही बुटका. पण रस्ता त्या उंचीला वळसा घालत नाही, सरळ अंगावर येतो.

संध्याकाळी आईचा फोन. "एवढी महागाची सायकल घेतलीस ती ढकलायला?" उत्तर नव्हतं.

मार्च, तिसरा आठवडा

कागद-पेन घेऊन बसलो. मी, सायकल, दोन बाटल्या, जाकीट मिळून 85 किलो. 20 टक्क्यांच्या चढावर एवढं वजन मागे ओढतं ते साधारण 163 न्यूटनने. माझा सगळ्यात हलका गिअर पुढे 34 दाते, मागे 28. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेरे धरले तर वेग ताशी नऊच्या वर आणि लागणारी ताकद 400 वॉटच्या पुढे. तेवढी मी दोन मिनिटं देऊ शकेन, तीही चांगली झोप झाली असेल तर. फेरे 40 वर आणले तर वॉट कमी होतात, पण मग प्रत्येक पायडल म्हणजे जिन्याची एक उंच पायरी. गुडघे बोलायला लागतात.

मागे 34 दाते लावले तर एका फेऱ्यात 2.1 मीटर. 45 फेऱ्यांना ताशी पावणेसहा किलोमीटर, ताकद 260 वॉटच्या आसपास. हे जमण्यातलं आहे. म्हणजे मला दम वाढवायचा नव्हता, आणखी हळू जायची सोय करायची होती. हे लक्षात यायला एक वर्ष आणि गवतावरची ती आडवी पोझ लागली.

एप्रिल

ज्यांच्याकडे माझ्यासारखी 11 स्पीडची शिमानो 105 (आर7000) ही गिअरची यंत्रणा आहे त्यांच्यासाठी: चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा मागचा डिरेलर आखूड पिंजऱ्याचा (चेन धरणारी त्याची खालची दांडी आखूड) असेल तर त्याला 30 दात्यांची मर्यादा आहे. 34 लावायचे तर मध्यम पिंजऱ्याचा डिरेलर हवा, आणि चेनही लांब घ्यावी लागते. जुनीच चेन ठेवून पुढची मोठी आणि मागचीही मोठी चकती एकदम लावलीत तर डिरेलरचं काय होईल ते मी सांगत बसत नाही.

माझी चूक वेगळीच. 11 ते 34 दात्यांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) चढवली, ती धरून ठेवणारी लॉकरिंग पूर्ण आवळली, तरी कॅसेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, खुळखुळते. उलटसुलट करून तीन वेळा बसवली. बायको म्हणाली, "खोक्यात ही चकती राहिलीय, ती कशाची?" ती 1.85 मिलिमीटरची स्पेसर, म्हणजे मधली फट भरणारी चकती. ही कॅसेट रोडच्या 11 स्पीड हबवर बसवताना तिच्यामागे ती लागतेच. मी खोक्यासकट रद्दीत टाकणार होतो.

मे, बँक हॉलिडेचा शनिवार

आज पूर्ण फेरी. माझ्या हिशेबात दिवसभराची इथली सगळ्यात सुंदर फेरी हीच, म्हणून जरा सविस्तर.

शेफिल्डमधल्या हंटर्स बारवरून रिंगिंगलो रोड धरायचा. घरांच्या रांगा संपेपर्यंत चढ, संपल्यावरही चढ; पाय तापायच्या आत 300 मीटर उंची पदरात पडते. मग एकदम झाडं गायब आणि दोन्ही बाजूंना हेदरच्या झुडपांचं तपकिरी माळरान. बर्बेजच्या पुलापाशी वारा कानात शिरतो. तिथून हॅदरसेजचा उतार. खाली उतरताना रस्ता अरुंद होतो, दगडी कुंपणं जवळ येतात आणि वळणापलीकडचं काही दिसत नाही. दोन्ही हात ब्रेकवर. हॅदरसेजनंतर होप व्हॅलीतला सपाट रस्ता, डावीकडे सिमेंट कारखान्याची उंच चिमणी. ती बाजूला आली की कासलटन जवळ आलं समजायचं.

विनॅट्सचा चढ सुरू होतो स्पीडवेल गुहेच्या दारापाशी. आधी वाटतं, एवढंच? मग चुनखडीचे सुळके दोन्ही बाजूंनी सरकत आत येतात आणि रस्ता उभा राहतो. आज नव्या गिअरवर दोन-तृतीयांशापर्यंत गेलो. तिथे पुढचं चाक हलकं होऊन उचलायला लागलं. छाती हँडलवर टेकवली, सीटच्या टोकाशी सरकलो, तर मागचं चाक ओल्या डांबरावर घसरलं. उतरलो. पण या वेळी पायांवर.

वरून मॅम निकची खिंड गाठायची आणि पलीकडे ईडेलच्या दरीत सुटायचं. सुमारे 430 किलोमीटरच्या पेनाइन वेची पायवाट याच ईडेल गावातून सुरू होते, त्यामुळे पाठीवर बोचकी घेतलेली माणसं जागोजाग. दरीतून होपला वळून पुन्हा हॅदरसेज, आणि सरप्राइज व्ह्यूचा लांब, प्रामाणिक चढ चढून घरी. 70 च्या आसपास किलोमीटर. ईडेलमध्ये खिशातली चिक्की काढली तर थंडीने अशी कडक झालेली की दाढ हलली. इथे गुळाची पोळीच बरी.

जून

उन्हाळा आहे म्हणतात.

आज वाऱ्याने हाणलं. विनॅट्स हे नाव वाऱ्याच्या दरवाजांवरून पडलंय असं सांगतात, आणि खिंडीत उभं राहिलं की पटतं. कासलटनकडून चढताना तोंड पश्चिमेला, आणि या देशात वारा बहुतेक पश्चिमेचाच. दोन कड्यांच्या नरसाळ्यातून तो जोर धरून खाली येतो. आता निघण्याआधी पाऊस नंतर बघतो, वाऱ्याची दिशा आधी.

परतताना मॅम टॉरच्या मोडक्या रस्त्यावर चालत गेलो. विनॅट्सचा चढ गाड्यांना झेपेना म्हणून 19 व्या शतकाच्या सुरुवातीला डोंगराच्या कुशीतून वळण घेत हलक्या चढाचा रस्ता काढला होता, आपल्या घाटांसारखाच. पण खालचा डोंगर शेलचा (चिखलाच्या थरांचा ठिसूळ दगड) आणि वाळूच्या दगडाचा. पाणी मुरलं की थर सरकतात. दरवेळी डांबर घालत शेवटी 1979 मध्ये रस्ता कायमचा बंद केला. आज तिथे डांबराचे थर पुरणपोळीच्या चळतीसारखे एकावर एक उघडे पडलेत, मध्ये पांढरी रेघ अजून शाबूत, आणि ती मध्येच माणसाच्या उंचीइतकी खाली तुटते. इंजिनिअरने काढलेला सोपा घाट डोंगराने गिळला, आणि मला मात्र तो जुना, अडाणी चढ उरला. थोडा राग आलाच.

जुलै

मधल्या दिवसांत शहरातलाच जेन्किन रोड. 2014 च्या टूर द फ्रान्सचा दुसरा टप्पा यॉर्कहून शेफिल्डला आला तेव्हा शेवटी हाच चढ होता. त्या दिवशी इटलीचा सायकलपटू निबाली जिंकला. घरं, पार्क केलेल्या गाड्या, आणि मध्येच 33 टक्क्यांचं वळण. वळणाच्या आतल्या बाजूने जायचं नाही, बाहेरच्या बाजूने दोन मीटर जास्त अंतर पडू द्यायचं. सरावाला उत्तम, बघायला काही नाही.

टायरची हवाही थोडी कमी केली. 28 मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत, ओल्या रस्त्यावर पकड वाढली.

ऑगस्ट, तिसरा शनिवार

पहाटे साडेपाचला निघालो. आठनंतर खिंडीत मोटारींची रांग लागते आणि मागची गाडी चिकटली की माणूस नको तेव्हा जोर लावतो. वारा पूर्वेचा, म्हणजे पाठीवर. रस्ता कोरडा.

सुरुवातीच्या सोप्या भागात मुद्दाम रेंगाळलो. हीच जागा मला तीनदा बुडवून गेली होती. चढ उभा झाला तेव्हा पुढे 34, मागे 34 दात्यांवर, सीटवर बसून, नजर चाकापुढच्या दोन हातांवर. वर बघायचं नाही हे ठरवलं होतं. मागच्या वेळी चाक घसरलं त्या जागेच्या जरा आधी उभा राहिलो, वीस फेरे मोजले, परत बसलो. सायकलच्या छोट्या संगणकावर वेग ताशी 5.4 किलोमीटर. एवढ्या हळू सायकल सरळ ठेवणं हीच कसरत. थोडं डावं-उजवं होत होतं, रस्ता रिकामा होता म्हणून चाललं. एक मेंढी मधोमध उभी. "हो बाजूला गं," मराठीतच ओरडलो. झाली.

अकरा मिनिटं आणि काही सेकंद. 2021 ची राष्ट्रीय हिल क्लाइंब स्पर्धा याच रस्त्यावर झाली होती. त्या लोकांच्या वेळा मी आज बघणार नाही.

वर कुंपणाला सायकल टेकवून गुळाची पोळी खाल्ली. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "रस्ता कुठाय यात?"

सप्टेंबर

ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशावर रस्त्यावर एक बाण म्हणजे सातास एक ते पाचास एक चढ, दोन बाण म्हणजे त्याहून उभा. आता नकाशा उघडला की डोळे आधी दुहेरी बाणच शोधतात. मॅम निक अजून फक्त उतरलोय, ईडेलकडून चढलेलो नाही. स्ट्राइन्सच्या रस्त्यावर एकामागून एक ओढे आडवे येतात; प्रत्येक ओढ्याशी खाली कोसळायचं आणि लगेच तेवढंच वर. तिथला एकजण म्हणाला की 34 सुद्धा कमी वाटेल. चेन किती ताणली गेलीय ते मोजलं, बदलायला झालीय. नवी आली की आधी मॅम निक.