तुम्ही विचारलंत म्हणून: करंटच्या सुया मी का घेते

"वहिनी, त्या करंटच्या सुयांनी दुखणं गेलं का?" खानापुरात भेटणारे सगळे हेच विचारतात, आणि हो किंवा नाही एवढ्याच उत्तराची वाट पाहतात. मला फायब्रोमायाल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार आहे, आणि ते दुखणे गेलेले नाही. तरीही बेळगावला जाऊन मी ते सुयांतून मंद वीज सोडण्याचे उपचार (इलेक्ट्रोॲक्युपंक्चर) पुन्हा घेणार आहे.

पुतण्याच्या लग्नात चुडा भरताना कासाराने नेहमीप्रमाणे बोटे जुळवून माझा हात दाबला, आणि कोपरापर्यंत अशी कळ गेली की मी हात हिसकावून घेतला. हिरव्या बांगड्या फरशीवर फुटल्या. शुभकार्यात काच फुटली म्हणून बायका एकदम गप्प झाल्या, आणि घरातलेच कोणीतरी म्हणाले, "रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत ना?" रिपोर्ट नॉर्मलच होते, कारण फायब्रोमायाल्जिया रक्ततपासणीत किंवा एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यात मज्जासंस्थाच साध्या दाबाची वेदना करते. तेव्हा मला यातले काहीच बोलता आले नाही. मी माजघरात जाऊन बसले आणि अक्षता पडेपर्यंत बाहेर आले नाही.

या उपचारात हातापायांत बारीक सुया टोचून त्यांना चिमट्यांनी तारा जोडतात. सेकंदाला दोन ठोके या गतीने मंद वीज सोडली की नडगीशेजारचा स्नायू आपोआप उडू लागतो. अशा प्रवाहाने शरीरातील वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, हे बीजिंगचे शास्त्रज्ञ हान जिशेंग यांनी प्रयोगांतून दाखवले. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासते; तिच्या 2013 च्या आढाव्यात या आजारावरच्या 9 चाचण्या आणि अवघे 395 रुग्ण होते; नुसत्या सुया तुलनेसाठी वापरलेल्या बनावट सुयांहून सरस ठरल्या नाहीत, वीज जोडल्यावर मात्र वेदना आणि ताठरपणा कमी झाला, झोप सुधारली. गुण महिनाभर टिकला, सहा महिन्यांनी उरला नाही.

माझेही तसेच झाले. महिनाभराच्या गुणासाठी एवढा खर्च कशाला, असे पूर्वीची मी नक्की म्हणाले असते, आणि तिला मी आजही पुरते खोडून काढू शकत नाही. परंतु त्या महिन्यात कूस बदलताना जाग येत नव्हती, सकाळी केसांचा अंबाडा माझा मला घालता येत होता. हे पैसे पाण्यात गेले असे कोणी म्हटले की मला राग येतो. त्याच सुमारास मी रोजचे चालणेही वाढवले होते, तेव्हा श्रेय नेमके कशाचे, हे मला ठरवता येत नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र माझे ऐकून हे उपचार घेऊ नयेत.