मराठीत गणित टाइपसेट करायचंय: लेटेक बसवलं, पहिली पीडीएफ निघाली

गणिती द. रा. कापरेकर यांच्या संख्यांवरच्या माझ्या नोंदी वहीतून उचलून नीट छापण्यासारख्या करायच्यात, त्याही मराठीत, म्हणून लेटेक (साध्या फाइलमध्ये मजकूर आणि कमांड लिहायच्या, कंपाइल केलं की छापील मांडणीची पीडीएफ मिळते) बसवलंय आणि पहिला भाग कंपाइल होऊन पीडीएफ निघालीय. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हेच करायचंय पण सुरुवात कुठून करायची तिथेच अडतं, तर काय निवडलं आणि का ते लिहून ठेवतो.

वर्डमधला इक्वेशन एडिटर एक-दोन पानांना पुरतो. पण समीकरणांना नंबर द्यायचे, पुढे त्यांचा उल्लेख करायचा, मधेच एक नवीन घुसवलं की बाकीचे नंबर आपोआप सरकायला हवेत, हे सुरू झालं की तिथे जीव नकोसा होतो. टिप्स्ट हे लेटेकसारखंच नवं सॉफ्टवेअर 2023 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, छोटं आहे, फटकन चालतं, मला आवडलंही, पण अडलं की लेटेकचीच उत्तरं जास्त सापडतात आणि जर्नलंही बहुतेक लेटेकच मागतात, म्हणून शिकायचंच तर हेच. मुळात लेटेकच्या पोटात असलेलं टेक आलं तेच चांगलं गणित छापून मिळेना म्हणून, 1977 मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रूफं बघवेनात तेव्हा त्यांनी स्वतःच प्रोग्राम लिहायला घेतला, आणि 80 च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लेटेक उभं केलं. टेकचा व्हर्जन नंबर दर दुरुस्तीला पायच्या (π) किमतीकडे एक अंक पुढे सरकतो, 2021 च्या दुरुस्तीनंतर तो 3.141592653 झाला. संख्यांचं वेड असलेल्या माणसाला याहून जवळचं सॉफ्टवेअर कुठलं!

आता मुख्य गोष्ट. नवीन माणसाला सगळे एडिटर कोणता घ्यायचा ते सांगतात, पण मराठी लिहायचं असेल तर आधी इंजिन, म्हणजे फाइल वाचून पीडीएफ बनवणारा प्रोग्राम, ठरवा, बाकी सगळं नंतर. इंग्रजी ट्युटोरियल्स बहुतेक पीडीएफलेटेक हे इंजिन धरून लिहिलेली असतात आणि त्यात देवनागरी सरळ टाइप केली की हे युनिकोड अक्षर सेट केलेलं नाही असा एरर येऊन गाडी तिथेच थांबते. पूर्वी यावर फ्रान्स वेल्टहाउस यांचं पॅकेज (लेटेकला जोडायची भर) होतं, मजकूर रोमनमध्ये टाइप करायचा, प्रीप्रोसेसरमधून काढायचा आणि मग टेकला द्यायचा. त्या काळात त्यानं मोठं काम केलं, आज मात्र त्या वाटेनं जायची गरज नाही. जोनाथन क्यू यांचं झीटेक युनिकोड थेट वाचतं आणि कॉम्प्युटरवरचे नेहमीचे फॉन्ट वापरतं. लुआलेटेकही चालतं, फक्त तिथे फॉन्टचा रेंडरर (अक्षरं जोडून मांडणारा भाग) हार्फबझ करून घ्या म्हणजे जोडाक्षरांची काळजी नको. मी झीलेटेक, म्हणजे झीटेकवर चालणारं लेटेक, घेतलं.

विंडोजवर लेटेक बसवायचे दोन रस्ते आहेत. मिक्टेक सुरुवातीला थोडंसंच बसवतं आणि लागेल तसं पॅकेज नेटवरून ओढतं, डिस्कवर जागा कमी असेल तर तेच बरं. पूर्ण टेक लाइव्ह सात-आठ जीबी खातं, पण मी तेच घेतलं कारण आमच्याकडे नेट येतं-जातं, आणि एकदा सगळं मशीनवर आलं की कंपाइल करताना नेटचा संबंधच राहत नाही. इन्स्टॉलर रात्री लावा, लॅपटॉपचं स्लीप बंद करा आणि झोपा. जागा वाचवायला डॉक्युमेंटेशनची खूण काढायची सोय आहे, पण माझं ऐका, ती राहू द्या, कमांड प्रॉम्प्टवर टेक्सडॉक आणि पुढे पॅकेजचं नाव टाइप केलं की मॅन्युअल जागच्या जागी उघडतं, याच्याइतका उपयोग कुठल्याच व्हिडिओचा झाला नाही. नेट फारच तुटक असेल तर आयएसओ फाइल डाउनलोड मॅनेजरने उतरवा, तुटलं तिथून पुढे चालू होते. मॅकवर मॅकटेक, उबंटूवर टेक्सलाइव्ह-फुल. काहीच बसवायचं नसेल तर ब्राउझरमध्येच चालणारं ओव्हरलीफ, तिथेही कंपायलर बदलून झीलेटेक करायला विसरू नका.

एडिटर टेकस्टुडिओ. सेटिंगमध्ये बिल्डखाली डिफॉल्ट कंपायलर झीलेटेक केला, एवढंच.

फॉन्टवर मात्र वेळ दिला आणि तो सत्कारणी लागला. आयआयटी मुंबईचा शोभिका पूर्ण टेक लाइव्हमध्ये आधीच असतो, पण तो विंडोजमध्ये इन्स्टॉल केलेला नसल्यामुळे नुसत्या नावानं सापडेलच असं नाही, ओटीएफपर्यंत पूर्ण फाइलनाव दिलं की लगेच उचलतो. फॉन्टस्पेक या फॉन्ट निवडायच्या पॅकेजमध्ये स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी दोन्ही द्या. लँग्वेज दिलं की, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. गुगल फॉन्टवरचा टिरो देवनागरी मराठी तर खास आपल्या वळणांसाठीच केलेला आहे. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य, ‘श्र’, ‘त्र’ एका ओळीत टाकून झूम करून बघितलं, सगळं जागेवर.

पॉलिग्लॉसिया या भाषा ठरवायच्या पॅकेजात मराठी मुख्य भाषा केली की पानांचे आणि विभागांचे नंबर देवनागरी अंकांत येतात, सूत्रांतले अंक मात्र आपण टाइप केले तसेच राहतात. एकाच पानावर दोन्ही मला खटकले म्हणून न्यूमरल्स वेस्टर्न केले. ज्याची त्याची आवड.

मग अलाइन, म्हणजे समीकरणं एकाखाली एक लावायची सोय. कापरेकरांची रीत अशी की संख्येचे अंक उतरत्या क्रमानं लावायचे, त्यातून तेच अंक चढत्या क्रमानं लावून वजा करायचे आणि उत्तरावर पुन्हा तेच. 3524 घेतला, 5432 − 2345 = 3087, खाली 8730 − 0378 = 8352, खाली 8532 − 2358 = 6174. प्रत्येक ओळीत बरोबरच्या चिन्हाआधी अँपरसँड (&) आणि ओळ संपली की दोन बॅकस्लॅश, बास, तिन्ही बरोबरची चिन्हं एकाखाली एक. कापरेकर या देवळालीच्या शाळामास्तरांचं गणित असं देखणं मांडलेलं बघून खरंच भरून आलं.

अजून एक, प्रमेयासाठी एएमएसथीएम पॅकेजचा नेहमीचा स्टाइल मजकूर इटॅलिक करायला जातो, शोभिकात इटॅलिक नाही, मग लॉगमध्ये फॉन्ट शेपच्या वॉर्निंगची रांग लागते. थिअरमस्टाइल डेफिनिशन केला की मजकूर सरळ राहतो आणि वॉर्निंगही जातात. ‘प्रमेय’ हे शीर्षक न्यूथिअरममध्ये थेट मराठीत देता येतं.

पुढचं काम टिकझेड या आकृत्यांच्या पॅकेजमध्ये 6174 चं झाड काढायचं, चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या याच वजाबाकीनं जास्तीत जास्त 7 पायऱ्यांत तिथे पोचते, त्या पायऱ्यांनुसार फांद्या. शेवटी अकारविल्हे सूचीही हवीय, साधं मेकइंडेक्स मराठी क्रम लावत नाही म्हणून अपमेंडेक्स लावून बघणार आहे. कुणी मराठी सूची काढली असेल तर सेटिंग टाका, क्ष आणि ज्ञ कुठे बसवलेत तेही सांगा.