शाबूत आहे पण बंद आहे

मंगळवार, रात्री उशिरा

आज परत एका सात-आठ महिन्यांच्या बाळाचा एचपीएलसी रिपोर्ट, म्हणजे रक्तातली हिमोग्लोबिनं ओळखणाऱ्या तपासणीचा, हातात आला, आईबाबा दोघंही एएस (सिकलचे फक्त वाहक) आणि बाळ एसएस, म्हणजे सिकलसेलचा पेशंट. आई सारखी एकच विचारत होती, मॅडम जन्मल्यापासून तर एकदम छान होता, आत्ताच हातपाय कसे काय सुजायला लागले? तिला सांगितलं की आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, इतके दिवस त्याला सांभाळत होतं आणि आता ते कमी होत चाललंय. न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच हे ओळखलं होतं, की नवजात बाळाच्या रक्तात सिकल पेशी कमी दिसतात त्या एचबीएफमुळे.

तिला एवढंच सांगून थांबले पण डोक्यातून जात नाहीये. कारण एचबीएफचं जनुक कुठेच गेलेलं नसतं. ११ नंबरच्या क्रोमोसोमवर, मोठेपणीच्या हिमोग्लोबिनच्या त्या बिघडलेल्या बीटा जनुकाच्या अगदी जवळ एचबीएफची दोन गॅमा जनुकं ठणठणीत बसलेली असतात. बीटामध्ये एकच अक्षर बदललंय, ए च्या जागी टी, आणि गॅमामध्ये तर काहीच बिघाड नाही, फक्त ती बंद केलेली आहेत. घरात दाण्यांनी भरलेली कणगी आहे, तिला कुलूप आहे आणि लेकरू उपाशी, असं वाटतं मला ते.

बंद करतं कोण? गॅमाच्या सुरुवातीच्या भागावर मेथिलच्या खुणा (जनुक बंद ठेवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) लागतात, तिथे बीसीएल११ए नावाचं प्रोटीन येऊन बसतं, ते सोबत हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनवरचे) अ‍ॅसिटिल काढणारी एन्झाइम्स घेऊन येतं, मग तिथला डीएनए घट्ट गुंडाळला जातो आणि लांबून जनुक चालू करणारा जो एलसीआर नावाचा भाग आहे तो गॅमा सोडून बीटाला जाऊन भिडतो. हाडांतली अख्खी मज्जा, जिथे रक्त बनतं, अशीच चालते खरं तर. एकाच स्टेम सेलपासून (मूळ पेशीपासून) प्लेटलेट पण होणार, न्यूट्रोफिल पण आणि लाल पेशी पण, डीएनए सगळ्यांचा तोच, काय उघडं आणि काय झाकलेलं एवढाच फरक, आणि हे सांभाळत आपलं शरीर सेकंदाला वीस लाखांच्या वर लाल पेशी बनवतं!

कुलूप उघडतं हे १९८२ मध्येच दिसलं होतं. मेथिलच्या खुणा लावणाऱ्या एन्झाइमला अडकवणारं ५-अझासायटिडीन गंभीर थॅलेसेमियाच्या (बीटाच बिघडल्याने होणाऱ्या दुसऱ्या आजाराच्या) एका पेशंटला दिलं आणि गॅमाचं काम सातपट वाढलं. पण ते पडलं कॅन्सरचं औषध, लहान मुलांना वर्षानुवर्षं कसं देणार, म्हणून मग हायड्रॉक्सीयुरिया पुढे आलं, जे आपल्याकडे आज रोज दिलं जातं. तेही एचबीएफ वाढवतं, पण प्रत्येकात सारखं नाही. विदर्भातल्या पेशंटमध्ये एचबीएफ मुळातच आफ्रिकेतल्या बऱ्याच पेशंटपेक्षा जास्त असतं, म्हणून इथला सिकल सौम्य असं कुणी म्हणालं की मला राग येतो, वॉर्डात येऊन बघा म्हणावं.

२००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या टीमने बीसीएल११ए दाबला की गॅमा उघडतं हे दाखवलं आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने कॅसजेव्हीला, म्हणजे यावर आधारलेल्या जनुक-उपचाराला, मंजुरी दिली, डिसेंबरमध्ये अमेरिकेने. त्यातली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी बीसीएल११एच्या जनुकाला मोडलंच नाही, कारण स्टेम सेलला आणि बी पेशींना तो लागतोच. फक्त लाल पेशींच्या वाटेवर त्याला चालू करणारा जो एन्हान्सर आहे तेवढाच कापला. किती विचार आहे त्यात.

पण किंमत २२ लाख डॉलर, आणि त्याआधी मज्जा रिकामी करणारी केमो. गडचिरोली-नंदुरबारच्या पोराला हे कुठून मिळणार? मला गोळी हवीय, पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) कपाटात ठेवता येईल अशी. २०२४ मध्ये विझ नावाच्या प्रोटीनला पेशीतून काढून टाकणारा एक रेणू आलाय, तोंडावाटे देता येतो, हे विझ पण गॅमा बंद ठेवणाऱ्यांपैकीच, आणि त्याने उंदरांत आणि माकडांत एचबीएफ वाढलं. तो पेपर आज परत काढलाय, झोपायच्या आधी वाचून संपवते.