गर्भपिशवीत ठोके दिसल्यानंतरही

मंगळवार, रात्री

आयव्हीएफनंतरच्या सहाव्या-सातव्या आठवड्यातल्या एका गर्भवतीची आज योनीमार्गे सोनोग्राफी केली. दोन भ्रूण सोडले होते. त्यांपैकी एक गर्भपिशवीत व्यवस्थित रुजले होते आणि त्याचे ठोकेही स्वच्छ दिसत होते. उजवीकडे ओटीपोटात दुखते, हे तिने मी विचारल्यावरच सांगितले, कारण एवढ्या इंजेक्शनांनंतर थोडे दुखायचेच, अशी घरच्यांनी तिची समजूत घातली होती.

उजव्या बीजांडालगत, म्हणजे अंडाशयालगत, एक जाड कडे दिसले. उपचारांमुळे बीजांडे फुगलेली असतात आणि कॉर्पस ल्युटियमची (बीज सुटल्यावर बीजांडात उरणारी) गाठही हुबेहूब अशीच दिसते, म्हणून प्रोबने हलका दाब देऊन पाहिले, तेव्हा बीजांड सरकले, पण कडे त्याच्यासोबत गेले नाही. आत योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी थैली) होती आणि पिशवीच्या मागे थोडा गढूळ द्रवही साचला होता. म्हणजे दुसरा गर्भ बीजवाहक नळीत वाढत होता.

नैसर्गिक गर्भधारणेत असे, म्हणजे एकाच वेळी एक गर्भ पिशवीत आणि एक बाहेर असणे, सुमारे ३०,००० मध्ये एकदा घडते, असा जुना अंदाज आहे. आयव्हीएफनंतर मात्र ते हजारात एक किंवा त्याहूनही अधिक वेळा आढळते. बीटा एचसीजीची (गर्भधारणेत रक्तात वाढणाऱ्या संप्रेरकाच्या तपासणीची) येथे मदत होत नाही, कारण पिशवीतला गर्भ तो आकडा अपेक्षेप्रमाणे वाढवतच असतो. खरा धोका आपल्या समाधानात आहे: पिशवीत ठोके दिसले की तपासणारा आणि रुग्ण दोघेही निश्चिंत होतात, आणि ‘एक सॅक, ठोके चांगले’ एवढ्यावर अहवाल संपतो. दोन्ही नळ्यांच्या जागेविषयी एक वाक्यही नसलेला असा अहवाल मला अपुरा वाटतो, मग त्या दिवशी बाहेर कितीही गर्दी असो.

नळीतला गर्भ उचलून पिशवीत ठेवता येणार नाही का, असे तिने विचारले. तसे करता येत नाही, हे सांगणे निदानापेक्षा अवघड गेले. नळीतल्या गर्भाची वाढ थांबवणारे मेथोट्रेक्सेट हे औषध देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते पिशवीतल्या गर्भालाही मारक ठरते. नळी फुटण्याआधीच संध्याकाळी दुर्बिणीतून ती काढली. अशा प्रसंगांत पिशवीतला गर्भ साधारण तीनांपैकी दोघींच्या बाबतीत टिकतो, हे तिच्या नवऱ्याला सांगितले आहे. गर्भ टिकवायला मदत करणारे प्रोजेस्टेरॉन चालू ठेवले असून परवा पुन्हा सोनोग्राफी आहे.