शुक्रवारी डबा आहे

परवा दुपारी जेवून जरा कलंडलो होतो, तर पुण्याहून चुलतभावाच्या लेकीचा फोन. "काका, आम्ही शुक्रवारी कोलकात्याला चाललोय. गाडी नागपूरवरून जाते ना?"

जाते ना म्हणजे? न जाऊन सांगते कोणाला! मी ताडकन उठलो आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "शुक्रवारी डबा आहे!"

नागपूरच्या घरात एवढं पुरतं. कोणाचा, किती माणसांचा, हे मागाहून. भुसावळकडून रेल्वे 1867 साली इथं पोचली, तेव्हा त्या गोऱ्या साहेबांच्या डोक्यात वऱ्हाडचा कापूस होता. पुढे राजनांदगावपर्यंत मीटर गेज टाकली, 1887 साली निघालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनं ती घेतली, रुंद केली आणि पार हावड्याच्या बाजूला नेली. मग इटारसीकडून दिल्ली आली, बल्लारशाकडून मद्रास. आमच्या घरापुरता या सगळ्याचा अर्थ एवढाच, की चारही दिशांचे नातेवाईक आता आमच्या दारावरून जाणार होते. आणि दारावरून माणूस उपाशी कसा जाऊ द्यायचा?

आई गाडीवरून डबा ठरवायची. गीतांजलीला पोळ्या आणि कोरडी भाजी, म्हणजे जेवण रात्रीपर्यंत संपतं. केरळ एक्सप्रेस असली तर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कारण माणूस अजून किती तास गाडीत कुजणार देव जाणे. हिवाळ्यात सांबारवडी ठरलेली. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या लोकांना दरवेळी सांगावं लागतं.) पाटवडीचा रस्सा मात्र फक्त सख्ख्यांना. तो सांडतो आणि शेजारच्या बर्थवाल्याशी भांडण होतं.

डबा पोचवायचं खातं बाबांचं. सायकलच्या कॅरिअरला डबा, दांडीवर मी, धंतोलीतून निघायचं. स्टेशनची ती 1925 सालची दगडी इमारत दिसली की बाबा उतरून सायकल हातात धरून चालायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. आत गेल्यावर फलाट तिकीट, मग पाहुण्यांचा रेल्वेचा डबा कुठं लागेल याची हमालाकडे चौकशी. हमालानं दाखवलेली जागा सोडून बाबा नेहमी दहा पावलं पुढं उभे राहायचे आणि गाडी आली की नेहमी दहा पावलं मागं पळायचे.

त्यांची लाडकी गाडी छत्तीसगढ एक्सप्रेस. ती बिलासपूरकडून येते आणि इटारसीकडे जाते. दोन्ही रूळ स्टेशनच्या उत्तरेलाच, म्हणून इथं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. तेवढ्यात चहा व्हायचा, मुलांची इयत्ता विचारून व्हायची, रायपूरच्या आत्याचं रडूनही व्हायचं. बाकी गाड्यांत मात्र बोलणं ठरलेलं. "बरं आहे ना?" "बरं आहे." "वाळलास रे." "तुम्ही उतरा ना एखादवेळी." "पुढच्या वेळी नक्की." शिटी. खिडकीच्या गजांतून डबा जात नसे, म्हणून सगळा सोहळा दारात, लोकांचे धक्के खात. मागल्या वेळचा रिकामा डबा परत यायचा, तो रिकामा नसायचा; कधी केळ्याचे वेफर्स, कधी चार साखरफुटाणे. एक पितळी डबा मात्र तिरुवनंतपुरमला गेला तो गेलाच. आई शेवटपर्यंत त्याची आठवण काढायची. नेणाऱ्या मामाची एवढी काढत नसे.

चारही दिशांचे रूळ जिथं एकमेकांना छेदतात म्हणे, त्या डायमंड क्रॉसिंगच्या गोष्टी नागपूरकर फार सांगतो. मीही सांगतो. पाहिलंय मात्र एकदाच, मोहननगरच्या मागे, तेही भिंतीवरून टाचा उंचावून. खरं तर मुंबईची आणि मद्रासची गाडी इथून एकाच वाटेनं निघते आणि फुटते ती वर्ध्यापाशी. हे वर्ध्याच्या मावशीनं एकदा भर लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतं. तेव्हापासून तिला डब्यात सांबारवडी जात नाही.

छोट्या लाईनचे, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाडीचे, पाहुणे वेगळे. नागभीडचे अण्णा नागपुरातल्याच इतवारी स्टेशनला उतरायचे, तेही खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन. त्यांना डबा नको असायचा, उलट आम्हालाच पंधरा दिवसांचा भात. ती गाडी 2019 साली बंद झाली. अण्णा त्याच्या आधीच.

तर मूळ दुःख हे, की देशभरातल्या लोकांनी नागपूर पाहिलंय आणि कोणी उतरलेलं नाही. संत्रा बर्फीचा पुडा, बाटलीत पाणी, संपलं नागपूर. अपवाद एकाच गर्दीचा. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथं दीक्षा दिली, तेव्हा लाखो माणसं नागपूरला आली, ती पुढं कुठं जायला नव्हे. अजूनही त्या दिवसांत फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या बाया, हातात पिशवी, पिशवीत भाकर. एका वर्षी मी कोणाचा तरी डबा घेऊन उभा होतो. गर्दीत मला गाडीपर्यंत पोचताच येईना, गाडी गेली. शेजारी एक आजी जिन्याच्या पायरीवर टेकली होती, लातूरकडची. मी डबा पुढं केला. तिनं झाकण उघडून पाहिलं, आपल्या पिशवीतली अर्धी भाकर काढून माझ्या हातावर ठेवली आणि मग जेवायला बसली.

असो. शुक्रवारी पहाटे बायकोनं पाटवड्या केल्या. निघायच्या आधी पोरीला फोन लावला, डबा नंबर काय म्हणून.

"अहो काका, कशाला त्रास! आम्ही मोबाईलवरून सीटवरच मागवलंय. नागपूरलाच देणार आहेत."

काय मागवलं म्हणून विचारलं. व्हेज बिर्याणी.

पाटवड्या आम्हीच खाल्ल्या, दुपारी, रस्सा जरा जास्तच घेऊन. सांडायची भीती नव्हती.