आमची वाटचाल : गॅसवरच्या गाड्या आणि दोष शोधण्याचे पैसे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचे कार्बोरेटर ट्यूनिंगचे लहानसे गॅरेज होते. २००० साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन एलपीजीला वाहनाचे इंधन म्हणून मान्यता मिळाली, त्यानंतर हळूहळू पंपांवर ऑटो एलपीजी मिळू लागला, आणि मारुती ८००, ओम्नी, झेन यांचे मालक गाडी गॅसवर चालवण्याचे किट बसवून घेण्यासाठी आमच्याकडे येऊ लागले. लोवाटो, बीआरसी, लांडी रेन्झो ही किट बनवणाऱ्या इटालियन कंपन्यांची नावे उद्यमनगरातल्या पोरांच्या तोंडी बसली ती त्याच काळात. किट बसवणे, आरटीओची मंजुरी घेणे आणि आरसी बुकात इंधनाची नोंद करून देणे, एवढाच आमचा व्यवसाय होता आणि त्या वेळी तो बरा चालत होता.

किट बसवण्याचे काम दोन दिवसांत संपते, पण तीच गाडी काही महिन्यांनी ‘पिकअप नाही’, ‘मिसिंग मारते’, ‘आयडलिंगला बंद पडते’ अशी तक्रार घेऊन परत येते, तेव्हा खरे काम सुरू होते. शहरात किट बसवणारे बरेच झाले, पण बिघाड नेमका कुठे आहे हे शांतपणे शोधणारे फारसे नव्हते, हे लक्षात आल्यावर आम्ही हळूहळू बसवणे कमी करून तपासणीकडे वळलो. तपासणीचे वेगळे पैसे घ्यायचे ठरवल्यावर पहिल्यांदा कुरबुर झाली. ‘पार्ट तर काहीच बदलला नाही, मग पैसे कसले?’ हा प्रश्न आजही आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो.

त्याचे उत्तर देण्यापेक्षा एक उदाहरण सांगितलेले बरे. रत्नागिरीला नेहमी ये-जा करणारे एक व्यापारी त्यांची मारुती ८०० घेऊन आले होते. गावात गाडी व्यवस्थित चालायची, परंतु आंबा घाटाच्या चढाला लागली की काही अंतरातच ताकद जाऊन बंद पडायची आणि पंधरा-वीस मिनिटे उभी ठेवली की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू व्हायची. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांचा रिड्युसर, म्हणजे टाकीतल्या द्रवाचा वायू करून इंजिनाला देणारा भाग, बदलून झाला होता, त्यामुळे खिसा हलका झाला होता आणि तक्रार मात्र तशीच राहिली होती. आम्ही गाडी पन्हाळ्याच्या चढावर नेऊन जोरात चालवली आणि बंद पडताक्षणी बॉनेट उघडले, तर भर उन्हात रिड्युसरवर पांढरे दव गोठलेले होते.

टाकीतला एलपीजी द्रवरूप असतो आणि त्यात मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांना आणि ब्यूटेन शून्याच्या जरा खाली उकळतो. रिड्युसरमध्ये या द्रवाचा वायू होताना भोवतालची उष्णता मोठ्या प्रमाणात खेचली जाते, म्हणून इंजिनाचे गरम पाणी त्यातून फिरवावे लागते, आणि चढावर गॅस जास्त लागतो तेव्हा हे पाणी कमी पडले तर रिड्युसर गोठतो. आम्ही पाण्याच्या दोन्ही नळ्यांना हात लावून पाहिला. आत जाणारी चटका देत होती, बाहेर येणारी थंडगार होती. रिड्युसर रेडिएटरच्या माथ्यापेक्षा उंच बसवलेला असल्यामुळे त्यात हवा अडकून पाणी फिरतच नव्हते, आणि गाडी उभी राहिली की इंजिनाच्या धगीने बर्फ वितळून ती पुन्हा सुरू होत होती. पट्टी खाली घेऊन रिड्युसर उतरवला, नळ्यांतली हवा काढली, सैल पडलेले रेडिएटरचे झाकण बदलले. नवा म्हणून घेतलेला पार्ट एवढाच, बाकीचे पैसे शोधण्याचे होते, आणि त्या गृहस्थांनी ते तक्रार न करता दिले.

गॅसच्या नावावर येणाऱ्या तक्रारींतल्या पुष्कळशा मुळात गॅसच्या नसतात, असे आमचे मत या धंद्यात तयार झाले आहे. गॅस आणि हवेचे मिश्रण पेटवायला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा चिरलेली एचटी लीड (प्लगला वीज नेणारी वायर) पेट्रोलवर कशीबशी निभावून जाते आणि गॅसवर लगेच उघडी पडते. मिक्सरच्या, म्हणजे हवेच्या वाटेतच गॅस मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या किटमध्ये न पेटलेले मिश्रण मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) साठून बार उडतो आणि एअर फिल्टरचा डबा फाटतो. मालक मग ‘किट खराब आहे’ म्हणत येतात. असा बार उडालेली गाडी आली की आम्ही किटला हात लावण्याआधी प्लग काढून पाहतो, त्याचे अंतर पुस्तकातल्या मापापेक्षा थोडे कमी ठेवतो आणि लीड बदलतो. एअर फिल्टर चोंदला असेल तर मिक्सर जास्त गॅस ओढतो आणि ॲव्हरेज पडते, हेही तितकेच साधे. तसा लिटरमागे एलपीजीत पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमीच असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे कमी येणारच. तो दोष मानून किट उलगडत बसू नये, असे आम्ही ग्राहकाला आधीच सांगून टाकतो.

२००६ साली वॅगनआर ड्युओ आली आणि कंपनीतूनच एलपीजी बसवून गाडी मिळू लागली. पुढे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारी सिक्वेन्शियल किट रुळली आणि आमच्या पान्यांच्या शेजारी लॅपटॉप आला. ही जबाबदारी पुतण्याने घेतली. या किटमध्ये गॅसचा ईसीयू (इंधन सांभाळणारा छोटा संगणक) पेट्रोल इंजेक्टरच्या उघडण्याची वेळ वाचून गॅसच्या इंजेक्टरची वेळ ठरवतो. गॅसचा फिल्टर चोंदून दाब कमी झाला की मिश्रण पातळ पडते, ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो, आणि गाडीचा मूळ ईसीयू इंधन वाढवत नेऊन ती वाढ लक्षात ठेवतो. परिणामी गाडी पेट्रोलवर घेतली की तीच जास्तीची मात्रा लागू होऊन धूर सोडते, आणि लोक पेट्रोलचे इंजेक्टर साफ करून घेतात! म्हणून आमच्याकडे गाडी आधी पेट्रोलवर, मग गॅसवर चालवून दोन्ही वेळचे फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली वाढ किंवा घट) कागदावर लिहून घेतल्याशिवाय पाना उचलला जात नाही.

जुन्या गाड्यांचे टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा दाबून उघडणारे भाग, हा एक वेगळाच विषय आहे. कोरड्या गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) आणि ती जिथे टेकते ती सीट लवकर झिजतात, झडप वर सरकते आणि टॅपेटमधली फट कमी होत जाते. शेवटी झडप पूर्ण मिटेनाशी होते, कॉम्प्रेशन जाते आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून फट तपासली तर हे टळते, नाहीतर इंजिनाचे हेड उतरवण्याची वेळ येते.

घरगुती सिलिंडरमधून भरलेली गाडी आम्ही आत घेत नाही. हा गुन्हा तर आहेच, शिवाय टाकी ऐंशी टक्के भरली की भरणे थांबवणारा टाकीवरचा व्हॉल्व्ह असल्या उलट्या-सुलट्या भरण्यात बिघडवलेला सापडतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत आणि खड्ड्यात साचतो, म्हणून ऑइल बदलण्यासाठी वडिलांनी खणलेला खड्डा आम्ही बुजवून टाकला आणि गॅसच्या गाड्या उघड्या शेडमध्ये रॅम्पवर घेऊ लागलो. वडिलांना ते फारसे रुचले नव्हते. गळती शोधायला मात्र आजही साबणाचे पाणी आणि ब्रश यांच्याइतके भरवशाचे काही नाही.

२०१० नंतर कंपनीच्या सीएनजी गाड्या वाढल्या, एलपीजीचे नवे किट बसवायला येणारे कमी होत गेले, आणि आता आमच्याकडे येतात त्या बहुतेक दुसऱ्यांनी बसवलेल्या, वय झालेल्या गाड्या. त्यांच्या मालकांना आमची विनंती एवढीच असते की टाकीच्या चाचणीचा दाखला सोबत आणावा, पेट्रोलची टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नये, कारण गाडी गॅसवर असतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो आणि कोरडा फिरला तर जळतो, आणि गाडी आणण्याआधी शेजाऱ्याच्या सल्ल्याने रिड्युसरचा स्क्रू फिरवू नये.