स्लोप्लेची वही : तिसऱ्या महिन्याची नोंद

नौपाड्यातल्या आमच्या शनिवारच्या पोकरच्या बैठकीत पैशांऐवजी चिंचोके लावले जातात. तरीही स्लोप्ले खरोखर फायद्याचा ठरतो का, हे मी तीन महिन्यांपासून डावागणिक नोंदी ठेवून तपासत आहे. भारी पाने आली की दबून खेळायचे आणि समोरच्या भिडूला गाफील ठेवायचे, हाच स्लोप्ले; ही सवय मला तीन पत्तीतून लागली होती.

गेल्या शनिवारचा एक डाव अजून सलतो आहे. माझ्याकडे किलवर आणि चौकट सत्ती होती. फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, बदाम सत्ती, बदाम दश्शी आणि इस्पिक राजा पडला. सेट (तीन सत्त्या) लागलेला असूनही मी चेक केले, म्हणजे काहीच लावले नाही; समोरच्या काकांनीही चेक केले आणि टर्नवर, म्हणजे चौथ्या उघड्या पानावर, बदाम दुर्री येताच हातातल्या दोन बदामांसह त्यांचा सेटवर भारी पडणारा फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) झाला. डाव संपल्यावर ते म्हणाले, "अरे, मला पुढचे पान फुकट का दाखवलेस?" घरी येऊन हिशेब मांडला. दोघांची पाने आणि फ्लॉप वगळता उरलेल्या ४५ पानांत ९ बदाम होते. त्यांतला राजा आला असता तर माझेच फ्लशवर भारी पडणारे फुल हाउस (तीन सत्त्या आणि दोन राजे) झाले असते, म्हणजे त्यांच्या कामाची पाने ८, सुमारे १८ टक्के. पॉट, म्हणजे मधोमध जमलेले चिंचोके, ३० चा होता. मी २० लावले असते, तर कॉल करायला, म्हणजे तेवढेच लावून डावात राहायला, त्यांना सुमारे २९ टक्के संधी हवी होती. निदान त्या एका पानापुरता तो कॉल तोट्याचाच होता.

मात्र वही चाळताना लक्षात आले की फ्लश लागून हरलेले डाव थोडेच आहेत. खरे नुकसान जिंकलेल्या डावांत, पॉट लहान राहिल्यामुळे झाले आहे. ३० च्या पॉटपासून सुरू करून फ्लॉप, टर्न आणि शेवटचे पाचवे पान अशा तिन्ही वेळा त्या-त्या वेळच्या पॉटच्या दोन-तृतीयांश लावले आणि कॉल मिळत गेला, तर भिडूकडून २०, ४७ आणि १०९ असे १७६ चिंचोके येतात. फ्लॉपवर चेक केले, की उरतात फक्त ६७.

अपवाद एकच टिकला आहे. हातात दोन एक्के, फ्लॉपवर एक्का, अठ्ठी, तिर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची : गड्डीत एकच एक्का उरल्यामुळे कॉल करण्याजोगे भिडूकडे सहसा काही नसते, आणि तो ब्लफची सवय असलेला असेल तर चेक करणेच मला योग्य वाटते. पुढच्या महिन्यात अशा फ्लॉपची नोंद वेगळ्या पानावर ठेवणार आहे.